सॅलरी स्लिपवर शून्य, जुलैत लाखाचे चलन : कंपन्यांच्या पगार विभागांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ व पगार विभागप्रमुख,
पगारातून टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) कापणाऱ्या सर्व खासगी कंपन्या

विषय : नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या घरांवर वर्षअखेरीस अचानक येणारा आयकर

स.न.वि.वि.

या जुलैत आम्हा नवरा-बायकोची रिटर्न भरताना दोघांचा मिळून १,०६,४०० रुपये कर निघाला. त्यावर ९,६०० रुपयांच्या घरात व्याज. वर्षभर आमच्या दोघांच्याही सॅलरी स्लिपवर आयकराच्या रकान्यात शून्य होते. आम्ही काहीही लपवलेले नव्हते. पगार बँकेत जमा होतो, एफडी पॅनला जोडलेल्या आहेत, सगळे कागदोपत्री आहे. तरीही फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून लाखाच्या वर रक्कम एका आठवड्यात काढून द्यावी लागली.

कर आमच्या उत्पन्नावरचा होता, तो आम्ही भरला. त्याबद्दल कुरकुर नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की हा कर वर्षभरात थोडा थोडा कापला जाऊ शकत होता, त्याची सोय कायद्यात आहे, ती सोय वापरण्याचे दार तुमच्या विभागातून उघडते, आणि ते दार तुम्ही बंद ठेवता. हे एकट्या आमच्या घरात घडलेले नाही. दरवर्षी जुलैमध्ये ऑफिसात, सोसायटीत, सीएच्या बाकावर हीच गोष्ट ऐकू येते. म्हणून हे पत्र खासगीत न लिहिता सगळ्यांसमोर लिहीत आहे.

आधी हिशेब मांडते, कारण 'शून्य कर' असताना लाख रुपये कुठून आले हे आकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६. आम्ही दोघेही नव्या करप्रणालीत. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. पुढे चार-चार लाखांचे टप्पे, ५ टक्के, १० टक्के, १५ टक्के असे चढत जातात. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली सूट मिळून कर शून्यावर येतो. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट असते. यातूनच '१२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही' हे वाक्य २०२५ च्या बजेटपासून सगळ्यांच्या तोंडी बसले. ते खोटे नाही. पण ते ज्याला पगाराशिवाय एक रुपयाही दुसरीकडून येत नाही, आणि ज्याचा वर्षभराचा पगार एकत्र मोजला गेला आहे, त्याच्यापुरते खरे आहे.

माझ्या नवऱ्याने सप्टेंबरअखेर एक नोकरी सोडली आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी धरली. आधीचा पगार महिना १ लाख, नंतरचा १ लाख २० हजार. जुन्या कंपनीने एप्रिलमध्ये गणित मांडले : वर्षाचे १२ लाख, वजावट जाऊन ११ लाख २५ हजार, कर शून्य. नव्या कंपनीने ऑक्टोबरमध्ये मांडले : सहा महिन्यांचे ७ लाख २० हजार, वजावट पुन्हा एकदा देऊन ६ लाख ४५ हजार, कर शून्य. दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर. माणूस मात्र एकच आहे आणि त्याचे वर्षही एकच. खरा हिशेब असा की वर्षाचा पगार १३ लाख २० हजार, वजावट एकदाच, करपात्र उत्पन्न १२ लाख ४५ हजार. टप्प्यांप्रमाणे कर ६६,७५० येतो. १२ लाखांची रेषा थोडक्यात ओलांडणाऱ्यांना सीमांत सवलत आहे, म्हणून तो रेषेवरच्या ४५ हजारांपुरता मर्यादित राहिला. त्यावर ४ टक्के उपकर धरून ४६,८००. कापलेला टीडीएस शून्य.

आता माझे. नोकरी एकच, पगार १२ लाख ६० हजार. वजावट जाऊन ११ लाख ८५ हजार, म्हणून कंपनीने काहीच कापले नाही. माझ्याच पगारातून साठवलेल्या एफडींवर वर्षात ८० हजार व्याज मिळाले. एप्रिल २०२५ पासून साठीच्या आतल्या माणसाचे बँकेतले वर्षाचे व्याज ५० हजारांच्या वर गेले की बँक १० टक्के कापते, तसे बँकेने ८ हजार कापले. बँकेने टीडीएस कापला की तो विषय तिथेच मिटला, असे पुष्कळ जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्या ८० हजारांनी माझे करपात्र उत्पन्न १२ लाख ६५ हजारांवर नेले आणि सूट गेली. सीमांत सवलत धरूनही कर ६५ हजार, उपकरासह ६७,६००. बँकेचे ८ हजार वजा केले तरी ५९,६०० भरायचे उरले.

८० हजारांचे व्याज मिळाले आणि त्यापायी ६७,६०० रुपये कर लागला. रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला एका छोट्या उत्पन्नाने केवढा फरक पडतो, हे कागदावर पाहिले तेव्हा आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही.

यावर व्याज. टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो : १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हप्ते चुकले तर कलम २३४सी खाली व्याज, आणि वर्ष संपल्यावर एप्रिलपासून भरेपर्यंत दरमहा १ टक्का कलम २३४बी खाली. जुलै उजाडल्यावर चार महिने मोजले जातात. ज्याच्या स्लिपवर दर महिन्याला शून्य छापून येते, त्याला आपल्यावर आगाऊ कर लागू आहे हे सुचणार कसे? आगाऊ कर हा व्यापाऱ्यांचा, डॉक्टर-वकिलांचा विषय, असेच नोकरदार मानतो.

दोन पगारांच्या घरात हे जास्त घडते, त्याचे कारणही सांगायला हवे. नोकरी बदलण्याची शक्यता दोन जणांमुळे दुप्पट. एका पगारात घर चालते आणि दुसरा शिल्लक पडतो, म्हणून एफडी होतात, फंड घेतले जातात, जुना फ्लॅट भाड्याने दिला जातो. घरात हिशेब एकत्र चालतो. आपल्याकडे जोडप्याला एकत्र रिटर्न भरता येत नाही, दोन पॅन म्हणजे दोन स्वतंत्र करदाते. एफडीवर दोघांची नावे असली तरी बँक टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर कापते, मग पैसे कुणाचेही असोत. आणि नवऱ्याने आपले पैसे बायकोला देऊन तिच्या नावावर एफडी केली, तर कायद्याप्रमाणे ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. म्हणजे सवलतीसाठी आम्ही वेगळे आणि अशा व्याजासाठी एकत्र. या नियमामागचा हेतू मला कळतो, कर चुकवण्यासाठी नावे फिरवू नयेत म्हणून तो आहे. पण साधे पगारदार जोडपे 'तुझ्या नावावर ठेवू, माझ्या नावावर ठेवू' एवढ्याच विचाराने बँकेत जाते, आणि कर कुणाच्या डोक्यावर बसणार हे त्यांना तिथे कुणीही सांगत नाही. शेअर-फंडांच्या नफ्याची आणखी एक गाठ आहे : ज्या नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्या करावर नव्या प्रणालीत ८७ए ची सूट मिळत नाही, एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असले तरी.

आता तुमच्याकडे येते.

पहिली तक्रार जुन्या पगाराबद्दल. नोकरी देताना तुम्ही आधीच्या कंपनीच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागता. बँकेचे स्टेटमेंट मागता. रिलीव्हिंग लेटर आल्याशिवाय जॉइन करून घेत नाही. बाहेरच्या एजन्सीकडून पडताळणी करून घेता. पगार किती द्यायचा हे ठरवताना माझ्या नवऱ्याचा जुना पगार रुपया-रुपयापर्यंत तुमच्या फाइलमध्ये होता. मग कर कापताना तोच पगार अस्तित्वातच नसल्यासारखा हिशेब का झाला? वर्षाच्या मध्ये आलेल्या माणसाने आधीचा पगार आणि टीडीएस कळवला तर नव्या मालकाने तो धरूनच कर कापायचा, असे त्या वर्षी लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२(२) मध्ये होते, आणि त्यासाठी फॉर्म १२बी होता. जॉइनिंगच्या दिवशी त्याच्यासमोर कागदांचा गठ्ठा सह्यांसाठी ठेवला होता : पीएफचा अर्ज, ग्रॅच्युइटीचे नॉमिनेशन, मेडिक्लेम, गोपनीयतेचा करार, लॅपटॉपची पावती. फॉर्म १२बी त्या गठ्ठ्यात नव्हता. तो तेव्हा भरला असता तर ४६,८०० सहा पगारांत वाटले जाऊन महिन्याला ७,८०० कापले गेले असते, आणि व्याज एक रुपयाही लागले नसते.

जुन्या कंपनीबद्दलही बोलायचे आहे. फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबात, नोटीस पिरियडचे दिवस, रजेचे पैसे, आयडी कार्ड, सगळ्याचा हिशेब झाला. किती करपात्र पगार दिला, किती वजावट धरली, किती टीडीएस कापला, याचा एका पानाचा तक्ता मात्र दिला नाही. फॉर्म १६ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर यांचा दाखला) देण्याची मुदत पुढच्या १५ जूनची. तोवर आर्थिक वर्ष संपून अडीच महिने झालेले असतात आणि व्याज सुरू झालेले असते.

दुसरी तक्रार तुमच्या पोर्टलची. माझ्या कंपनीच्या पोर्टलवर नवी करप्रणाली निवडली की गुंतवणूक-घोषणेचे पान बंद होते आणि 'तुम्हाला काही जाहीर करण्याची गरज नाही' अशी सूचना येते. घोषणा म्हणजे वजावट मागणे, आणि नव्या प्रणालीत ८०सी वगैरे कलमांखालच्या गुंतवणुकीच्या वजावटी नाहीत, म्हणून पानच काढून टाकले. पण त्याच पानावर 'इतर उत्पन्न' हा रकाना होता. वजावट आणि उत्पन्न या दोन गोष्टी आहेत. व्याज, भाडे, नफा यांवरचा कर कोणतीही प्रणाली निवडली तरी द्यावाच लागतो. ज्यांना १२ लाखांच्या रेषेचा सर्वांत मोठा धोका आहे, ते सगळे नव्या प्रणालीत आहेत, आणि नेमके त्यांनाच उत्पन्न सांगायला जागा नाही. पोर्टल बनवणाऱ्याने कदाचित एवढा विचार केला नसेल. तुमच्या विभागात कर समजणारी माणसे आहेत, त्यांच्या लक्षात हे यायला हवे होते.

तिसरी तक्रार न सांगण्याची. पगाराशिवायचे उत्पन्न कळवण्याची मुभा कलम १९२(२बी) मध्ये पूर्वीपासून होती. ऑक्टोबर २०२४ पासून त्यासाठी फॉर्म १२बीएए आला, त्यात दुसरीकडे कापलेला टीडीएस आणि भरलेला टीसीएसही (पैसे घेणाऱ्याने वर गोळा केलेला कर) दाखवता येऊ लागला. माझ्या कंपनीने पिकनिकसाठी, रक्तदानासाठी, पासवर्ड बदलण्यासाठी मेल पाठवले. या फॉर्मबद्दल एकही मेल आला नाही. या वर्षी मी स्वतः जाऊन विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, आम्ही फक्त आपल्या पगारावर कापतो. बाकीचे तुमचे तुम्ही बघा." हे उत्तर देणारा मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुणी शिकवलेच नव्हते. कर्मचाऱ्याने उत्पन्न लेखी कळवले की ते हिशेबात घेणे मालकावर बंधनकारक असते, ती मेहरबानी नसते.

यात एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे, ती इथे ठळकपणे सांगते. मालकाने पगारातून कापलेला कर वर्षात कधीही कापला तरी आगाऊ कराच्या हिशेबात तो पूर्ण वजा होतो. म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबरचे हप्ते हुकलेल्या माणसाने जानेवारीत कंपनीला उत्पन्न कळवले आणि जानेवारी ते मार्चच्या पगारांतून सगळा कर कापून घेतला, तर त्याला हप्त्यांचे व्याज लागत नाही. कमी-जास्त झालेली कपात त्याच वर्षात जुळवून घ्यायची परवानगी कायदा मालकाला देतो. हीच व्यक्ती जानेवारीत स्वतः चलन भरायला गेली तर मागच्या तीन हप्त्यांचे व्याज मोजून द्यावे लागते. इतका मोठा फायदा तुमच्या हातात आहे, आणि तुम्ही जानेवारीत गुंतवणुकीची प्रूफ मागवून पोर्टलला कुलूप लावता.

चौथी गोष्ट छोटी आहे. तुमच्या कर-अंदाजपत्रकावर 'एकूण वार्षिक उत्पन्न' असे मथळ्यात छापलेले असते. ते एकूण नसते. तुम्ही दिलेला पगार तेवढा असतो. कर्मचारी तो आकडा वाचतो आणि निश्चिंत होतो.

तुमचा बचाव मला ठाऊक आहे. कायद्याप्रमाणे माहिती देणे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर आहे, विचारणे आमच्यावर बंधनकारक नाही, आणि अंतिम जबाबदारी करदात्याचीच. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण मुभा आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्या मर्जीला अर्थ काय? दुसरा मुद्दा खासगीपणाचा. तो मी मनापासून मानते. आपल्या एफडी किती, भाडे किती येते, हे ऑफिसात कळू नये असे कुणाला वाटले तर त्याच्यावर सक्ती नको. आणि बायकोचा पगार किती हे नवऱ्याच्या कंपनीने किंवा नवऱ्याचा पगार बायकोच्या कंपनीने तर मुळीच विचारू नये, हिशेबाला त्याची गरजही नाही. ज्याला सांगायचे नाही त्याला आगाऊ कराच्या तारखा कळवा, तो स्वतः भरेल. जबाबदारी आमचीच राहू द्या. ती पार पाडता येईल एवढी माहिती आम्हाला वेळेवर द्या.

आता मागण्या.

वर्षाच्या मध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या जॉइनिंगच्या कागदांत आधीचा पगार आणि टीडीएस कळवण्याचा अर्ज ठेवा. तो का भरायचा हे त्यावर मराठीत, किंवा त्या माणसाला समजेल त्या भाषेत, चार ओळींत लिहा. 'कळवायचे नाही' असा पर्याय द्या, पण त्याखाली सही घ्या, म्हणजे प्रश्न विचारला गेला याची नोंद राहील.

नोकरी सोडणाऱ्याला फुल अँड फायनलच्या पत्रासोबतच करपात्र पगार, दिलेली वजावट आणि कापलेला टीडीएस यांचा तक्ता द्या. वर्षभराच्या टीडीएसचा दाखला पुढच्या जूनमध्ये द्यायचाच आहे, तो वेगळा.

'इतर उत्पन्न' हा रकाना दोन्ही करप्रणालींसाठी उघडा ठेवा, आणि मार्चचा पगार होईपर्यंत उघडा ठेवा. वजावटीची प्रूफ जानेवारीत मागायची तर जरूर मागा. उत्पन्न वाढवून सांगणाऱ्याला कसले प्रूफ मागता?

प्रत्येक सॅलरी स्लिपवर एक ओळ छापा : 'हा करहिशेब फक्त या कंपनीने दिलेल्या पगाराचा आहे. दुसरा पगार, व्याज, भाडे किंवा नफा असल्यास कर वाढू शकतो.' ज्यांचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या थोडे आत आहे, त्यांना सूट जाण्याचा धोका वेगळा मेल करून सांगा. कोण त्या रेषेजवळ आहे, हे तुमच्या सॉफ्टवेअरला एका क्लिकवर कळते.

आगाऊ कराच्या चारही तारखांच्या आठवडाभर आधी एक मेल पाठवा. बँकांनीही एफडी करताना आणि टीडीएस कापताना ग्राहकाला स्पष्ट सांगावे की १० टक्के कापले म्हणजे कर संपला असे नाही, ही अपेक्षा त्यांच्याकडूनही आहे, पण आज पत्र तुम्हाला आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे. जुना १९६१ चा कायदा गेला, कलमांचे क्रमांक बदलले. त्यासाठी तुम्हाला तुमची पोर्टले, अर्ज आणि मेलचे मसुदे असेही बदलावे लागत आहेत. या मागण्या त्याच कामात बसतात, वेगळा खर्च मागत नाहीत. जुन्या चुका नव्या क्रमांकांखाली तशाच उतरवू नका, ही विनंती.

चालू वर्षाच्या आगाऊ कराचा दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला आहे. त्याआधी तुमच्या कर्मचाऱ्यांना हा मेल जावा आणि पोर्टलवरचा तो रकाना उघडलेला दिसावा. माझ्या कंपनीच्या पगार विभागाला मी हीच मागणी लेखी दिली आहे, नवऱ्यानेही त्याच्या कंपनीत दिली आहे. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक नोकरदाराने आपल्या कंपनीत ती द्यावी.

कळावे,

एक पगारदार करदाती